गिळण्यावरचे एकोणतीस निबंध

६ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

पाणी घट्ट करायच्या पावडरीचे सहा डबे मिळाले. सोबतचा छापील कागदही मिळाला. रुग्णाला ताठ बसवावे, चमचा अर्धाच भरावा, हनुवटी किंचित खाली घ्यावी, गिळून झाल्यावर बोलायला लावून आवाज तपासावा. दोन वर्षं मी दिवसातून चार वेळा हेच करते आहे, तरी वाचला. खाली तुझं नाव आणि पदव्यांच्या दोन ओळी होत्या. नानांनी तो कागद माझ्या हातातून घेऊन उशीखाली ठेवला. आता चादर बदलायची झाली की आधी तुझा कागद नीट बाजूला काढावा लागतो.

टिल्लू म्हटलेलं तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण 'प्रिय प्राध्यापक' लिहायला माझा हात वळत नाही.

पक्षाघातानं गेलेला नानांचा उजवा हात तसाच आहे. बोलणं पुष्कळ सुधारलं. पातळ पाणी अजून श्वासनलिकेत जातं, त्यामुळे पाणीसुद्धा घट्ट करून चमच्यानं. एक वाटी संपायला पाऊण तास लागतो. परवा व्यायाम घ्यायला नवी मुलगी आली. नाना तिला म्हणाले, "माझी मुलगी घशाची शास्त्रज्ञ आहे." तिनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. नाना म्हणाले, "ही नव्हे. ही घरीच असते." बावीस वर्षं मी नोकरी करते, टिल्लू. त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती, म्हणून घरी होते.

मागच्या वेळी तुझ्या हातून भरवताना नानांना ठसका लागला आणि ते निळे पडले. तेव्हा मी जे बोलले, ते बोलायला नको होतं. तू दुसऱ्या दिवशी गेलीस ती अजून आली नाहीस. फोनवर हा विषय निघाला की तुझी मीटिंग असते, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला मीटिंग सांगता येत नाही.

माझ्या कचेरीत नवीन काम आलंय. तुला वाटतं मी पुस्तकांना नंबर चिकटवते. आमच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे देशभरातले शोधनिबंध येतात, त्यातला प्रत्येक कोणत्या विषयात घालायचा ते मी ठरवते. आता परिषदेला हवं आहे की दहा वर्षांत कोणत्या आजाराकडे संशोधकांनी किती लक्ष दिलं ते मोजून द्या. एकशे चाळीस विषय. प्रत्येक विषयासाठी मी शब्दांची यादी करायची, ते शब्द ज्या निबंधांत सापडतील ते त्या विषयाचे, आणि इतरांनी त्यांचा किती वेळा उल्लेख केला ते वेगळं मोजायचं. आमच्या साहेबांचा जीव टक्केवारीत अडकलेला असतो, म्हणून सगळे त्यांना टक्केसाहेब म्हणतात. ते खुशीत आहेत. निधी कुणाला मिळणार ते या मोजणीवरून ठरेल म्हणाले.

यादीत तुझा विषयही आहे.

ताई

•

१९ मार्च

प्रिय टिल्लू,

तुझं 'बरं चाललंय, घाईत आहे' एवढंच कार्ड मिळालं.

आम्ही निबंध वाचायचे नसतात, फक्त मोजायचे. पण गेल्या आठवड्यात उल्लेख मोजताना तुझा जुना, पहिला निबंध पडद्यावर आला आणि मी वाचला. पंधरा वर्षं तो वाचायचं मी टाळलं होतं. चांगला आहे. शेवटी आभार आहेत. अकरा नावं. यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाचंही आहे.

तुला ती निळ्या पुठ्ठ्याची वही आठवते का? आजी पाणी पिताना का खोकते, कशा बसण्यानं कमी खोकते, कोणत्या वेळी जास्त, असं मी सात महिने लिहून काढलं होतं. त्यावरच पुढे शिकायचं होतं. मग आई आजारी पडली आणि घरात एकीनं थांबायचं ठरलं. कुणी ठरवलं ते आता आठवत नाही. थांबणारी मी होते, एवढं नक्की. तू सामान भरत होतीस. मी वही तुझ्या पेटीत ठेवली आणि म्हटलं, "यावर कर काहीतरी, याच्याकडे कुणी बघत नाही." तुझ्या निबंधातला दुसरा तक्ता त्या वहीतला आहे. आजीचं वयही तेच घातलं आहेस.

मी तक्रार करत नाही. कागद समोर आला म्हणून लिहिलं.

मोजणी पूर्ण झाली. वरच्या दहांत सगळे नेहमीचे मोठे आजार आहेत, ज्यांच्या नावानं इमारती उभ्या राहतात. तुझा विषय अगदी तळाला आहे. गिळण्याच्या तक्रारींवर दहा वर्षांत फक्त एकोणतीस निबंध. खालून पाचवा. तुझी एवढी भाषणं होतात, तेव्हा मला वाटलं होतं जास्त असतील. टक्केसाहेबांनी आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "एवढेच?" मी म्हटलं, "एवढेच." त्यांनी सही केली.

मोजणी ही मोजणी, टिल्लू. वाईट वाटून घेऊ नकोस. नाना बरे आहेत. तुझा फोन का येत नाही, असं रोज विचारतात.

ताई

•

२ मे

प्रिय टिल्लू,

अभिनंदन. तुला पत्र गेलंच असेल, पण आमच्याकडे यादी परवाच लागली.

आजवर परिषद वरच्या विषयांना पैसे द्यायची. ज्याच्यावर लोक जास्त लिहितात ते महत्त्वाचं, असा साधा हिशेब होता. मीही तेच धरून चालले होते. नवीन अध्यक्षीणबाईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की ज्यांच्याकडे कुणी बघितलं नाही त्यांच्याकडे आता बघायचं. तळाचे पाच विषय. तीन वर्षांचा निधी. गिळण्याच्या विषयासाठी सगळ्यांत मोठा विभाग तुझा, म्हणून तुझं नाव.

टक्केसाहेबांनी कचेरीत पेढ्यासारखी बातमी वाटली. "अहो, तुमच्या धाकट्या बहिणीला. तुमच्याच मोजणीतून." सगळ्यांनी टेबलाशी येऊन माझा हात हातात घेतला. मी हसत होते. नंतर जिन्याखाली जाऊन जरा वेळ उभी राहिले, पाय दुखत होते म्हणून.

नानांना सांगितलं. वाटी अर्धीच झाली होती. त्यांनी तोंड मिटलं आणि रडले. उरलेलं थंड झालं, ते परत गरम करून भरवलं. पुढचा पाऊण तास तुझ्या लहानपणच्या गोष्टी ऐकल्या. त्यातल्या दोन माझ्या होत्या. त्यांनी तुझ्या नावावर सांगितल्या. मी दुरुस्त केल्या नाहीत.

तू काहीही न करता तुला मिळतं. हे मी वाईट अर्थानं लिहीत नाही.

ताई

•

११ जून

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र मिळालं. हातानं लिहिलेलं, चार पानी. तुझं अक्षर अजून डावीकडे कलतं.

तू लिहिलंस, "ताई, यादीतला एकोणतीस आकडा बघितला आणि मला सगळं कळलं. एवढे निबंध आमच्या एका विभागातून दोन वर्षांत निघतात. तू माझ्यासाठी केवढी जोखीम घेतलीस. मी दोन वर्षं आले नाही, आणि तू हे केलंस. मी जन्मात कुणाला सांगणार नाही."

हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. त्याबद्दल पुन्हा काही लिहू नकोस. कागदावर तर नकोच. तू समजलीस तसं समज.

तू पाठवलेली शाल फार चांगली आहे. कचेरीत वापरते. तू नानांना फोनवर "हे सगळं ताईमुळे झालं" म्हणालीस. दुसऱ्या दिवशी व्यायामवाल्या मुलीला ते म्हणाले, "ही माझी थोरली. मोठ्या कचेरीत आहे. हिच्या सहीनं लोकांना पैसे मिळतात." माझी सही कशावरच नसते. पण मी तिथं उभी राहून ऐकून घेतलं. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. हनुवटी खाली धरायला सांगितलं तर नाना म्हणाले, "ती सांगते तसंच करायचं."

दोन माणसं कामावर घेतलीस म्हणून लिहिलंस. त्यातल्या मुलीला आधी कुठंच नोकरी मिळत नव्हती, तेही. बरं केलंस.

आणखी काय लिहू. बरी आहे. खरंच बरी आहे.

तुझी ताई

•

२४ जुलै

टिल्लू,

हे पत्र बसून वाच. मीटिंगच्या आधी उघडू नकोस.

मंगळवारी कचेरीत एक डॉक्टरीणबाई आल्या. साठीच्या, काखेत कापडी पिशवी. पीठगिरण्यांत काम करणाऱ्यांना जो दमा होतो त्यावर त्या एकट्या काम करतात. नऊ वर्षं, दोनशे बारा माणसं. महिन्यातून एकदा गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि सुटणाऱ्या प्रत्येकाला नळीत फुंकायला लावतात. त्यांचा विषय यादीत खालून सहावा आला.

"आम्ही सहावे कसे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यावर चौतीस निबंध आहेत," मी म्हटलं.

"त्यातले एकोणीस माझेच आहेत. मी कमी लिहिलं असतं तर बरं झालं असतं का?"

त्या भांडत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. मग पिशवीतून आमची छापील यादी काढली आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. "गिळणं. दर इस्पितळात गिळण्याचा तज्ज्ञ असतो, माझ्या भावाला तपासायलाही आला होता. गिरणीत कोण असतं? याच्याकडे आमच्यापेक्षा कमी लक्ष? कोणते शब्द लावून मोजलंत, बघायला मिळेल का?"

"त्याला अर्ज करावा लागतो."

"करते," त्या म्हणाल्या. माझ्याच टेबलावर बसून माझ्याच पेनानं त्यांनी अर्ज लिहिला, दोन्ही बाजूंनी. लिहिताना मध्येच म्हणाल्या, "यावर्षी फुंकणाऱ्यांतले चार जण आलेच नाहीत. काम सोडलं की वारले, तेही मला माहीत नाही. विचारायला माणूस ठेवायला पैसे नाहीत." पेन परत देताना त्यांनी टोपण नीट लावून दिलं.

आता ऐक. तुमच्या क्षेत्रातला प्रत्येक माणूस निबंधाच्या नावात गिळण्याच्या त्रासासाठी डिस्फेजिया हा शब्द घालतो. तुझ्या प्रत्येक निबंधात आहे. शब्दांची यादी करताना मी तो वगळला. विसरले नाही. लिहिला होता आणि खोडला. 'गिळण्यातील अडचण' आणि 'गिळताना ठसका' एवढेच शब्द ठेवले, आणि असे शब्द वापरणारे बिचारे एकोणतीसच निघाले. खरा आकडा सहाशे चौदा आहे.

आणि हे मी तुझ्यासाठी केलं नव्हतं. ज्या दुपारी तुझ्या निबंधातले ते आभार वाचले, त्याच दुपारी केलं. मला वाटलं, तळाला आलीस की तुझा निधी बंद होईल. टिल्लूचा विषय म्हणजे कुणी ढुंकून न बघणारा विषय, असं छापून यावं आणि ते नानांना वाचून दाखवावं, असं मला वाटलं. एवढंच होतं. त्याचं उलटं होऊन ते सगळं तुझ्या पदरात पडलं. तुझे आभाराचे चार पानी कागद आले आणि मी ते ठेवून घेतले. दीड महिना मी तुझी चांगली ताई होते. मला ते फार आवडलं. शाल काल घडी करून ठेवली.

उद्या सकाळी मी टक्केसाहेबांना सांगणार आहे. तुझा निधी जाईल. तुझ्याकडची ती मुलगीही जाईल, हे मला माहीत आहे. त्या बाईंसाठी सांगते आहे म्हणावं, तर अर्ज मंजूर झाला की मी पकडली जाणारच आहे, ही भीतीही आहे. आणि तुझा निधी जाईल या विचारानं आतून कुठेतरी बरं वाटलं, तेही इथं लिहून टाकते. त्यात चांगलं किती आणि वाईट किती हे मला मोजता येत नाही, आणि मोजण्याचीच नोकरी करते.

हे पत्र आज दुपारी पेटीत टाकते, म्हणजे उद्या मला माघार घेता येणार नाही.

ताई

•

१५ सप्टेंबर

प्रिय टिल्लू,

सात आठवड्यांनी तुझ्या अक्षरातलं पाकीट दिसलं. तीन दिवस उघडलं नाही. नानांच्या औषधांच्या खणात ठेवलं होतं. उघडलं तेव्हा पाचच ओळी होत्या. त्यांचं उत्तर देण्याआधी इकडचं सांगते.

टक्केसाहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "बाई, माझा तुमच्यावर शंभर टक्के," एवढं बोलून थांबले. चौकशी झाली. नोकरी राहिली, कारण मी स्वतः सांगितलं. मला खाली तळघरात, जुन्या नियतकालिकांच्या कोठारात बसवलं आहे. विषय लावायचं काम काढून घेतलं. माझ्या जागी जी मुलगी बसली तिनं पहिल्याच दिवशी माझ्या सगळ्या याद्या पुन्हा तपासल्या. एकशे एकोणचाळीस बरोबर निघाल्या. हे मी टक्केसाहेबांकडून मुद्दाम वदवून घेतलं.

निधी गिरणीवाल्यांना गेला. डॉक्टरीणबाई कागदांवर सह्या करायला आल्या होत्या. जिन्यात भेटल्या. त्यांना सगळं कळलेलं होतं. मला वाटलं काहीतरी बोलतील. "माणूस ठेवला," म्हणाल्या. "ते चार जण शोधले. दोघे आहेत." आणि वर गेल्या.

नानांना मीच सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं म्हणून. त्यांनी तीन दिवस माझ्या हातून खाल्लं नाही, मी कचेरीत असताना येणाऱ्या बदली बाईकडून थोडं थोडं घेतलं. चौथ्या दिवशी तोंड उघडलं. वाटी संपल्यावर म्हणाले, "तिचं वाईट व्हावं असं वाटलं तुला?" मी हो म्हटलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मला नाही वाटत आयुष्यात त्यांनी माझ्याकडे इतका वेळ कधी बघितलं असेल. मग म्हणाले, "पाणी दे." मी घट्ट करून दिलं.

आता तुझ्या ओळी.

"दोघांनाही काढावं लागलं. ती मुलगी जाताना रडली नाही, त्यानं जास्त त्रास झाला. तुला माफ करणं मला आत्ता जमत नाही. वही तुझी होती. नाव गाळलं ते विसरून नव्हे, विषय माझा वाटावा म्हणून."

माफ करू नकोस. घाई नाही. त्या मुलीचं नाव-पत्ता मला पाठव. आमच्या कोठारात एक तात्पुरती जागा निघते आहे, मी शब्द टाकू शकत नाही, पण अर्जाचा नमुना पाठवू शकते. मी काय केलं ते तिला सांगायचं असेल तर सांग.

तुझी शेवटची ओळ वाचून मला राग यायला हवा होता. तो विषय माझा होता, असं पंधरा वर्षं मी म्हणत होते आणि सगळे मला वेड्यात काढत होते, तू सुद्धा. आला नाही. तू विसरली नव्हतीस, तुला ती वही हवीशी वाटली होती. माझं काहीतरी तुला इतकं हवंसं वाटलं होतं. हे वाचून मी तळघरात एकटी बसून हसले. टिल्लू, आपण दोघी सारख्याच आहोत, तू फक्त जास्त शिकलीस.

मत्सर गेला का, असं विचारशील तर नाही. गेल्या आठवड्यात जुनी नियतकालिकं लावताना तुझं नाव पाठीवर असलेला एक अंक सापडला. मी तो सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी काढून त्याच्या जागी ठेवला. आता माझं असंच चालतं.

एक विचारायचं आहे. ऑक्टोबरमध्ये माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, बारा दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. बदली बाईला मी ठेवू शकते. पण तू ये. नानांना तू भरव. मागच्या वेळी ठसका लागला कारण तुला घाई होती आणि मी तुझ्या डोक्यावर उभी होते. या वेळी मी शेजारच्या खोलीत पडून असेन, आत येणार नाही.

ऐकत मात्र राहीन. तुझ्या हातून त्यांनी सगळी वाटी न खोकता संपवली, तर मला वाईट वाटेल. तू त्याकडे लक्ष देऊ नकोस. पुढचा चमचा भर.

तुझी ताई